आत्याच्या अकरा नळ्या

आमच्या आत्याचे सासरे पाहुण्याला आधी पाणी देतात, मग चहा देतात आणि मग आपला मुतखडा दाखवतात. कुंकवाच्या एका जुन्या डबीत, कापसावर तो ठेवलेला असतो. हरभऱ्याच्या दाण्याएवढा, तपकिरी आणि काटेरी. डबी उघडताना आजोबांचा चेहरा असा होतो, की नातसुनेचं तोंड पाहायला आलेल्या बायकांची आठवण व्हावी. कुणी हात लावायला गेलं तर ते डबी मागं घेतात. म्हणतात, "दुरून पाय. जन्म देल्ला म्या त्याले."

त्या गावात हे कुणाला नवल वाटत नाही. वडनेर भोलजीच्या फाट्यावरून आत गेलं की लागणाऱ्या त्या गावात बोअरचं पाणी खारं आहे. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहात दूध घातलं की फुटतं. नवी सून आली की पहिले काही महिने माहेरची माणसं आठवून नाही, तिथलं पाणी आठवून रडते. मुतखडा तर घरटी एकाला तरी झालेला असतोच. कुणाचा निघाला, कुणाचा अडकला, यावर पारावर बोलणं चालतं, जसं इतर गावांत पिकावर चालावं.

या घराचे माझ्यावर फार उपकार आहेत. माझे वडील दुसरबीडला रस्त्याच्या कडेला चहा-भज्यांचा गाडा लावतात. दहावीला मला बरे गुण पडले, तेव्हा विज्ञान शाखेला कुठं घालायचं हा प्रश्न आला. आत्यानं सासऱ्यांना विचारलं आणि मला आपल्या घरी ठेवून घेतलं. दोन वर्षं मी त्या घरची वांगी खाऊन नांदुऱ्याच्या कॉलेजात जात होतो. वांगी आणि मिरची हा त्यांचा मळा. पुढं मी पदवी घेतली. आमच्या घराण्यात काळा झगा आणि टोपी घालून फोटो काढलेला पहिला माणूस मी. तो फोटो वडिलांच्या गाड्यावर बरण्यांच्या मागं लावलेला आहे आणि भज्यांच्या वाफेनं आता थोडा पिवळा झाला आहे.

नंतर मला पुण्यात एका संशोधन संस्थेत प्रकल्प सहाय्यक म्हणून काम मिळालं. विषय कळल्यावर मला हसू आवरेना. मुतखडा काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या का होतो, पाण्यामुळे की रक्तामुळे, हेच शोधायचं होतं. डॉक्टर मंडळी पोटाची सोनोग्राफी करणार, रसायनवाले पाणी तपासणार, आणि आमच्या विभागानं घरातल्या प्रत्येकाची थुंकी गोळा करून त्यातली जनुकं वाचायची. थुंकीत तोंडातल्या पेशी असतात आणि पेशीत माणसाचा सगळा इतिहास असतो. रक्त काढण्यापेक्षा हे सोपं, असं शहरात समजतात.

माझ्या खोलीतला मित्र विजेच्या मीटरांच्या आकड्यांवर संशोधन करतो. कोणत्या घरात कोणत्या तासाला किती वीज जळते, हे तो खोलीत बसून बघतो. "तुझं बरंय," मी त्याला म्हणायचो, "मीटरला लाज नसते."

आमच्या मॅडमनी मला निवडलं, कारण मला तिकडची भाषा येते. मॅडम मूळच्या पुण्याच्या. मोजून बोलणाऱ्या, पण मनानं सरळ. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "नमुना चुकला की पुढचं सगळं चुकतं. यंत्र खोटं बोलत नाही, माणूस बोलतो." मी ते वाक्य पाठ केलं.

पहिलं घर कोणतं घ्यायचं, याचा मला विचारच करावा लागला नाही. आत्याच्या घरी तीन पिढ्या एका छपराखाली आहेत, माणसं अकरा आणि मुतखडे चार.

मी नळ्यांची पेटी घेऊन गेलो तेव्हा मिरचीची तोडणी चालू होती. ओट्यावर बसून मी सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. थुंकण्याआधी अर्धा तास तोंडात काही नको. नळीवर रेघ आहे तिथपर्यंत थुंकी हवी, फेस धरायचा नाही. मला वाटलं, चांगलं सांगितलं. सगळे माझ्याकडे पाहत होते.

शेवटी मामा बोलले. आत्याच्या यजमानांना मी मामा म्हणतो. "तू आमचा पाहुना हायेस का नाई?"

"हो."

"मंग पाहुन्यासमोर थुकू काय बे? लहानपनी थुकलं तं बाप कानाखाली वाजवत होता. आता पुण्याहून मानूस येते अन् म्हनते थुका."

"मामा, हे विज्ञानाचं थुंकणं आहे."

"थुकनं थुकनंच असते," आजोबा म्हणाले आणि ओट्याच्या कडेला जाऊन तंबाखूची पिंक टाकून आले. बहुधा उदाहरण म्हणून.

आत्याच्या दोन्ही जावा दाराआड उभ्या होत्या. त्या सासऱ्यांसमोर मोठ्यानं बोलत नाहीत. थुंकण्याचं नाव काढल्यावर दाराआडून नुसता बांगड्यांचा आवाज आला, आणि मग तोही थांबला. मी घामाघूम झालो. पुस्तकात याबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं.

तेव्हा आत्यानं सूत्रं हातात घेतली. "दे त्या नळ्या इकडं," ती म्हणाली. "तू बस ओट्यावर. मी एकेकाले गाठून भरून आनते."

मला हायसं वाटलं. आत्या नळ्या घेऊन आत गेली, तिथून गोठ्याकडं, तिथून मळ्याकडं. मधूनमधून एकेक नळी आणून द्यायची आणि दुसरी घेऊन जायची. "ही बाबाजीची. ही यायची. ही धाकलीची." 'यायची' म्हणजे मामांची; मी तशी नावाची चिठ्ठी चिकटवायचो. दुपार कलेपर्यंत अकराही नळ्या भरल्या. रेघेपर्यंत बरोबर, फेस नाही, झाकणं घट्ट. रसायनवाल्यांसाठी मागितलेली बोअरच्या पाण्याची बाटलीही तिनंच भरून दिली. इतके नीटनेटके नमुने मी प्रशिक्षणातसुद्धा पाहिले नव्हते. फोटो काढून मॅडमना पाठवला. त्यांनी उत्तरादाखल अंगठा पाठवला. मॅडम सहसा अंगठा पाठवत नसत.

आत्या मात्र त्या संध्याकाळी फारशी बोलली नाही. घसा बसलाय म्हणाली.

काही आठवड्यांनी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी मनातल्या मनात "थँक यू मॅडम" म्हणण्याची तयारी करून गेलो होतो.

"तुमच्या त्या पहिल्या घरात माणसं किती?" त्यांनी विचारलं.

"अकरा, मॅडम."

"पुरुष किती?"

"सहा."

"एकही नाही."

मला कळेना. "कुठं गेले?"

"यंत्राच्या मते ते नव्हतेच. आजोबा बाई आहेत. तुमचे मामा बाई आहेत. त्यांचे दोन्ही भाऊ बाई आहेत." मॅडमनी कागद माझ्याकडं सरकवला. "आणि या घरातल्या सगळ्या बाया मिळून एकच बाई आहे."

मी कागदाकडे पाहत राहिलो. अकरा ओळी, आणि प्रत्येक ओळ दुसरीसारखी.

"नमुन्यात आपलीच थुंकी तर पडली नाही ना, हे पाहायला आम्ही विभागातल्या सगळ्यांशी ताडून बघतो," मॅडम पुढं म्हणाल्या. "तुमच्याशीही ताडलं. ही बाई तुम्ही नाही. पण तुमचा आणि तिचा साधारण एक चतुर्थांश वारसा जुळतो. म्हणजे आजी, मावशी किंवा आत्या."

विज्ञान इतकं अचूक असतं याचं मला क्षणभर कौतुक वाटलं. पुढच्या क्षणी मॅडम माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होत्या ती नजर मी ओळखली. गाड्यावर कुणी खोटी नोट दिली की वडील तसं पाहतात.

"घरोघर फिरण्यापेक्षा एका नातेवाईक बाईकडून अकरा नळ्या भरून घेणं सोपं असतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "असं करणारे मी पाहिलेत. तुम्ही केलंत असं मी म्हणत नाही. पण हे कसं झालं ते कळेपर्यंत तुम्ही प्रयोगशाळेत कशालाही हात लावू नका. महिनाअखेरीला तुमचा करार संपतोय. मला खरं कारण द्या, नाहीतर मी पुढं सही करू शकणार नाही."

मी बाहेर आलो. जिन्यात रसायन विभागाचे सर भेटले. ते फार आनंदात होते. "अहो, तुमच्या त्या आत्यांच्या घरी गोड पाणी आहे! सगळं गाव खारं आणि एकाच बोअरला गोड पाणी! तिथं जमिनीखाली काहीतरी वेगळं असणार. आम्ही पाहणीला यायचा विचार करतोय." मी "हो सर" म्हणालो. मला त्या वेळी जमिनीखाली जायला आवडलं असतं, पण पाणी शोधायला नाही.

वडिलांना काही कळवलं नाही. ते गाड्यावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, "पोरगा पुण्यात थुंकीवर संशोधन करतोय." गिऱ्हाईक हातातल्या कपाकडं एकदा बघतं, पण वडिलांचा अभिमान पाहून पितं बिचारं. त्यांना आता काय सांगणार होतो? त्याच थुंकीत पोरगा बुडाला म्हणून?

दुसऱ्या दिवशी परत केबिनमध्ये जाऊन मॅडमसमोरच मी आत्याला फोन लावला. मी विसरलो होतो, की त्या घरात फोन नेहमी स्पीकरवर असतो. आजोबांना कमी ऐकू येतं आणि ऐकल्याशिवाय राहवतही नाही.

"आत्या, त्या दिवशी नळ्यांत कोण कोण थुंकलं?"

पलीकडे भांड्यांचा आवाज एकदम थांबला.

"सगळेच थुकले ना बाबू," आत्या म्हणाली. आवाज देवळात बोलावं तसा होता.

मागून आजोबांचा आवाज आला. "मी कवा थुकलो व?"

"थुकले ना बाबाजी तुमी, मिरचीत होते तवा. ध्यानात नाई तुमच्या." आणि मला म्हणाली, "बाबू, जेवला काय?" फोन बंद झाला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "शनिवारी आपण दोघं जाऊ," त्या म्हणाल्या. "नव्या नळ्या घेऊन."

नांदुऱ्याला गाडीतून उतरून, ऑटो करून आम्ही गावात पोचलो. रस्ताभर मी मॅडमना घरच्या लोकांबद्दल चांगलं सांगत होतो आणि त्या "हं" म्हणत होत्या. माझ्या मनात दोन प्रकारची भीती होती. कारण सापडलं नाही तर नोकरी जाणार, आणि सापडलं तर ते त्याच घरात सापडणार, जिथं मी दोन वर्षं जेवलो होतो. कोणती भीती मोठी, हे मला ऑटोतून उतरेपर्यंत ठरवता आलं नाही.

"पोराची मास्तरीन आली!" आजोबांनी ओट्यावरून जाहीर केलं. खुर्ची आली, तिच्यावर चादर आली, चादरीवर मॅडम बसल्या. आत्या माझ्याकडे न बघता आत गेली आणि तांब्या-पेला घेऊन आली. मॅडमनी घोट घेतला आणि थांबल्या. पेल्यात पाहिलं, परत घोट घेतला. रसायनवाल्या सरांचा गोड बोअर त्यांच्याही कानावर गेला असणार.

"हे तुमच्या बोअरचं पाणी?"

"नाई हो बाई," आत्या म्हणाली. "जारचं हाये. नांदुऱ्याहून गाडी येते. पाहुन्याले खारं पानी देईन काय मी?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मॅडमकडे पाहिलं. आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला.

"आत्या," मी म्हणालो, "मागच्या वेळी मला जी बाटली भरून दिलीस, त्यात कोणतं पाणी होतं?"

"जारचंच. दुसरं कोनतं?"

"मी बोअरचं मागितलं होतं."

"हाव, मागतलं होतं. पन बाटली जानार पुन्याले. तिथं चार शिकले-सवरले लोकं पायतीन, वास घेतीन. आमचं असं पानी पाठवलं तं माह्या माहेरच्या पोराची काय इज्जत राहीन?"

मॅडमनी पेला हळूच खाली ठेवला. "आणि थुंकी?" त्यांनी विचारलं.

आत्यानं पदर पुढं ओढला. दाराआडच्या बांगड्या थांबल्या. आजोबा कानामागं हात धरून पुढं वाकले. आत्याची अडचण मला दिसत होती. खरं सांगायचं तर ते सासऱ्यांसमोर सांगावं लागणार होतं.

"आत्या, माझी नोकरी जाते गं. मॅडमना वाटतंय मी खोटं केलं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला हे माहीतच नव्हतं. तिच्या हिशेबानं तिनं माझं भलंच केलं होतं. मग ती सासऱ्यांकडं वळली आणि लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच त्यांच्यासमोर इतकं लांब बोलली.

"बाबाजी, राग नका मानू. तुमच्या तोंडात तंबाखू. सासूबाईच्या तोंडात मिशरी. यायच्या तोंडात गुटख्याची पुडी, दिराच्या तोंडात पुडी, पोट्ट्यायच्याबी तोंडात पुडी. माह्या जावा तं तुमच्या धाकानं थुकाले तयार नाई. मंग मी कोनाची थुकी देऊ? मले त्या दिवशी चतुर्थी होती. उपास. तोंड साफ. आपन बाजारात वांगे कसे पाठवतो? किडके घरी ठेवतो, चांगले निवडून पाठवतो. तशीच म्या घरातली चांगली थुकी निवडून पाठवली. एकाच घरची तं हाये! गोठ्यामागं बसले, चिंचीकडं पाहू पाहू अकरा नळ्या भरल्या. घसा सुकून गेलता माहा. दोन दिवस बोलता येत नव्हतं."

सगळं घर आजोबांकडं पाहू लागलं. आजोबांनी तोंडातली तंबाखू या गालातून त्या गालात नेली. उठले, ओट्याच्या कडेला गेले, सावकाश पिंक टाकली, परत येऊन बसले.

"म्हंजे," ते म्हणाले, "माही थुकी किडकी?"

मामांना मात्र वेगळीच काळजी होती. त्यांनी मॅडमना विचारलं, "बाई, माह्या नावाची नळी होती ना त्यात? मंग पुन्याच्या मशिनीत मी काय निंघालो?"

"बाई," मॅडम म्हणाल्या.

"हाव, बोला."

"तुम्हाला हाक नाही मारली. तुम्ही बाई निघालात. तुमचे वडीलही."

दाराआड आधी एक जाऊ हसली, मग दुसरी, मग म्हातारी सासू, जी मिशरी लावलेल्या तोंडानं कधी हसत नाही, ती पदराचा बोळा तोंडात घालून हसली. आजोबा म्हणाले, "चूप!" आणि स्वतःच हसायला लागले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि रुमालानं फार वेळ पुसत बसल्या.

मग त्यांनी पदर खोचला. म्हणजे त्यांनी ड्रेसच घातला होता, पण त्यांच्या उठण्यात तो भाव होता. "बायका माझ्यासोबत स्वयंपाकघरात," त्या म्हणाल्या. "दार लावून. पुरुष याच्यासोबत गोठ्यामागं. आधी सगळ्यांनी चुळा भरायच्या आणि अर्धा तास तोंडात काही नाही."

तो अर्धा तास मला जन्मभर आठवेल. पुरुष गोठ्यामागं ओळीनं बसले. मामांनी खिशावर हात ठेवला होता, आत पुडी होती. आजोबा पहिली पाच मिनिटं ठीक होते. मग त्यांना आभाळाकडं बघावंसं वाटू लागलं. मग त्यांचा रिकामा तळहात आपोआप दुसऱ्या हातानं चोळला जाऊ लागला.

"किती झाले?"

"दहा मिनिटं, आजोबा."

"घड्याळ बंद हाये तुहं. माह्या लग्नातबी एवढा येळ बिना तंबाखूचा बसलो नाई. बामनाले म्हनलं होतं, आटप."

अर्धा तास झाला आणि खरी अडचण सुरू झाली. नळ्या हातात घेतल्यावर कुणाच्याच तोंडात थुंकी येईना. दिवसभर जिकडं तिकडं थुंकणारी माणसं, पण नळी धरून थुंक म्हटल्यावर सगळ्यांची तोंडं कोरडी. मामा नळीत बघून नुसते "थू थू" करत होते. आतून मॅडमचा आवाज आला, की त्यांच्याकडेही तीच परिस्थिती आहे.

आत्या घरातून आली. तिच्या हातात चिंचेचं बोटूक होतं. आमच्यासमोर उभी राहून तिनं ते सावकाश सोललं. चिंच ओली होती. तिनं ती सगळ्यांच्या नाकासमोरून एकदा फिरवली, पण कुणाला दिली नाही. मग आत जाऊन बायकांसमोर फिरवली. मॅडमच्याही नाकासमोरून ती गेली असणार, कारण नंतर मॅडमनी माझ्याकडं हळूच तिचा एक तुकडा मागितला.

नळ्या भरल्या. आजोबांनी त्यांची नळी माझ्या हातात देताना म्हटलं, "घे. किडकी."

आत्या चौकटीत बसून हे सगळं पाहत होती. तिची थुंकी आमच्याकडं होतीच, त्यामुळं तिला नवी नळी दिली नव्हती. सगळं घर आपापल्या नळ्यांचं कौतुक करत होतं आणि ती पायाच्या अंगठ्यानं शेणानं सारवलेली जमीन खरवडत होती. "माही काऊन नाई घेतली?" तिनं मला विचारलं, हळू आवाजात.

"तुझ्या अकरा आहेत ना गं."

"हाव. पन त्या दुसऱ्यायच्या नावानं होत्या."

खरं तर त्यातली एक तिच्याच नावाची होती, पण हे सांगायला मी तोंड उघडलं तेवढ्यात मॅडम मागून म्हणाल्या, "नियमानं प्रत्येकाचा नमुना नव्यानंच घ्यावा लागतो," आणि पेटीतली उरलेली नळी काढून त्यांनी आत्याच्या हातात दिली. असा नियम नाही. मला आमचे सगळे नियम पाठ आहेत. आत्या नळी घेऊन गोठ्यामागं गेली आणि अगदी थोड्या वेळात परत आली. तिला आता सवय होती.

निघताना आजोबांनी डबी काढलीच. मॅडम खडा बघून इतक्या खूश झाल्या, की आजोबांची छाती फुगली. यात कोणते क्षार आहेत हे तपासता आलं तर फार उपयोग होईल, असं मॅडम म्हणाल्या. आजोबा बराच वेळ डबीत पाहत राहिले.

"वापस भेटन ना?"

"तपासायला थोडासा तुकडा काढावा लागेल. बाकीचा नक्की परत."

"पाय बाप्पा. पाहुन्यायले काय दाखवू मंग मी?" पण त्यांनी डबी दिली. बोअरच्या पाण्याची बाटली या वेळी मी स्वतः भरली. आत्या शेजारी उभी राहून दुःखानं पाहत होती.

पुण्यात निकाल आला तेव्हा त्या घरात सहा पुरुष होते आणि सगळी नाती जागच्या जागी होती. रसायनवाले सर मात्र काही दिवस उदास होते. गोड पाण्याचा झरा त्यांनी मनातल्या मनात नकाशावरही काढला होता.

जुन्या अकरा नळ्या मॅडमनी टाकल्या नाहीत. विभागाच्या बैठकीत त्यांनी त्या पडद्यावर दाखवल्या. प्रयोगशाळेला माहीत नसताना एकाच माणसाचे अकरा नमुने वेगवेगळ्या नावांनी तपासायला गेले होते आणि अकराही वेळा तोच निकाल आला होता. आपली तपासणी भरवशाची आहे, याची इतकी चांगली परीक्षा आपण ठरवूनही घेतली नसती, असं मॅडम म्हणाल्या. कुणीतरी विचारलं, ही कल्पना कुणाची? मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "यांच्या घरची."

त्याच दुपारी त्यांनी माझ्या करारावर सही केली. मी मनात तयार करून ठेवलेलं "थँक यू मॅडम" त्या दिवशी वापरलं. ते थोडं शिळं झालं होतं, पण मनापासून होतं.

संध्याकाळी फोन लावला. "आत्या, नोकरी राहिली. आणि तुझ्या थुंकीचा निकाल फार चांगला आला. अकराही नळ्या एकसारख्या निघाल्या. मॅडमनी सगळ्यांसमोर कौतुक केलं."

"मंग!" आत्या म्हणाली. "निवडूनच देल्ती."

स्पीकर चालूच होता. मागून आजोबा ओरडले, "माह्या थुकीचं काय झालं?"

"तुम्ही पुरुष निघालात, आजोबा."

"एवढं तं मले आधीपासूनच मालूम होतं," ते म्हणाले. "याच्यासाठी अर्धा तास बसवलं काय बे मले?"

मुतखडा पाण्यामुळे की रक्तामुळे, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. मॅडम म्हणतात, घाई करायची नाही, अजून बरीच घरं घ्यायची आहेत. आता प्रत्येक घरी मी चिंच सोबत नेतो आणि पाण्याची बाटली स्वतः भरतो.

मागच्या खेपेला आजोबांचा खडा परत करायला गेलो. तपासणीसाठी त्याची एक बाजू घासली गेली होती. मला वाटलं होतं, ते रागावतील. त्यांनी डबीतल्या कापसावर खडा ठेवला आणि घासलेली बाजू वर केली. तेवढ्यात शेजारच्या घरी आलेले एक पाहुणे ओट्यावर टेकले. त्यांना पाणी झालं, चहा झाला आणि मग डबी उघडली.

"इथून थोडा तुटला की हो," पाहुणे म्हणाले.

"तुटला नाई," आजोबा म्हणाले. "त्याचा एक तुकडा पुन्याले हाये. शिकाले."